गाडीच्या लेखी वर्धाच

पुंडलिकराव पोहाणे यांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत माणसांपेक्षा ढोरांशी जास्त बोलणं केलं. वर्ध्याजवळ पवनारच्या आसपासच्या गावांत ते पशुधन पर्यवेक्षक होते. सरकारी कागदावर हे नाव शोभून दिसे, पण लोकांच्या तोंडी ते 'ढोरायचे डाक्टर'च राहिले. गाय अडली, म्हैस फुगली, बैलाचा खूर सडला की पहिला फोन त्यांना. आणि या माणसाची रीत अशी की तपासायचं ते हातानं, कानानं आणि नाकानं. थर्मामीटर पिशवीत असे, पण बाहेर निघायचा तो फक्त मालकाचं समाधान व्हावं म्हणून.

पुढे निवृत्ती आली. घरचा गोठा रिकामा झाला, पण हातांची सवय काही जाईना. सकाळी चहा पिताना ते समोरच्या खुर्चीच्या पायावरून हात फिरवत बसत. शोभाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हे काही दिवस पाहिलं आणि म्हटलं की कुठंतरी मन लावा, नाही तर एक दिवस त्या खुर्चीला इंजेक्शन द्याल.

पुंडलिकरावांनी मन लावलं ते एका मोटारसायकलीवर.

गाडी जुनी होती, नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरांची. त्यांनी ती हिमालयात जायचं म्हणून हौसेनं घेतली आणि घरापासून दवाखान्यापर्यंत चालवली. लांब पल्ल्याची गाडी ती. समोर उंच काच, दोन्ही अंगांना पेट्या, हँडलवर टीव्हीसारखा पडदा. पुंडलिकराव ती पाहायला गेले ते बैलबाजारात जावं तसे. आधी लांबून एक फेरी मारली. मग मागच्या बाजूनं दाबून पाहिलं. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. सुरू करायला लावली आणि डोळे मिटून एका अंगाला कान लावला. दातांचे डॉक्टर आधी हसले, मग त्यांच्याही लक्षात आलं की हा माणूस मजा करत नाही.

त्यांनी समजावून सांगितलं की या गाडीच्या पोटात संगणक आहे. हवा किती दाट, इंजिन किती तापलं, मूठ किती पिळली, हे सगळं तो पाहतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल देतो. पुंडलिकरावांना हे फारच आवडलं. जसं काम तसा खुराक, हे तत्त्व त्यांनी शेतकऱ्यांना गावोगाव सांगितलं होतं आणि फारसं कोणी ऐकलं नव्हतं. इथं एक मोटारसायकल ते आपणहून पाळत होती.

गाडी पवनारला आली तेव्हा शोभाबाईंनी तिच्याभोवती फेरी मारली नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि विचारलं की ही कशाला.

"तुले बर्फ दाखवाले," पुंडलिकराव म्हणाले.

आता इथं थोडं मागचं सांगितलं पाहिजे, नाहीतर शोभाबाईंचा चेहरा असा का झाला ते कळायचं नाही. लग्न झाल्यापासून पुंडलिकरावांनी त्यांना पुष्कळ ठिकाणी नेलं होतं, पण अर्ध्यापर्यंत. माहूरला निघाले तेव्हा आर्णीच्या स्टँडवर कोणीतरी ओळखीचा भेटला, त्याची म्हैस अडली होती. पांढुर्ण्याला पाहुण्यांच्या लग्नाला निघाले तर काटोलला फोन आला. लग्नानंतर नवीन नवीन चिखलदऱ्याला निघाले होते. परतवाड्याला चहा प्यायला उतरले आणि चहावाल्याच्याच गाईनं मान टाकली. गाय वाचली, पण वर जाणारी शेवटची बस गेली. त्यामुळे शोभाबाईंनी आर्णी पाहिली होती, माहूर नाही. काटोल पाहिलं होतं, पांढुर्णा नाही. परतवाडा पाहिला होता, चिखलदरा नाही. त्यांच्या वाट्याला सगळी अर्ध्या रस्त्यातली गावं आली होती.

त्यातच शेजारच्या मीराबाईंनी बायकांची सहल ठरवली होती, रेल्वेनं, थेट मनालीपर्यंत. पुरुषांना बंदी. मीराबाईंनी एक जागा शोभाबाईंसाठी राखून ठेवली होती आणि दसऱ्यापर्यंत सांग म्हटलं होतं.

शोभाबाईंनी दारातच अट घातली. बर्फाचं नंतर पाहू. आधी मला चिखलदऱ्याला वरपर्यंत न्या. वर म्हणजे वर, पुढे दरी लागेपर्यंत. पोहोचलो तर बर्फही तुमच्यासोबतच पाहीन. पण अर्ध्यातून वापस आणलं, तर गाडी तुम्हाला लखलाभ, मी मीराबाईसोबत चालले.

पुंडलिकरावांनी एका क्षणात होकार दिला. आता नोकरी नव्हती, फोनवर नवे डॉक्टर होते, आणि गाडीच्या पोटात संगणक होता. अडायला जागाच कुठं होती?

पोळा झाला आणि ते निघाले. शोभाबाईंचा अंबाडा हेल्मेटात मावेना, तेव्हा त्यांनी वेणी घातली, आणि वेणीत त्या अचानक शाळेतल्या दिसू लागल्या. पुंडलिकराव तसं बोलून बसले आणि पुलगावपर्यंत त्यांच्या पाठीत अधूनमधून गुद्दे पडत राहिले. गाडी अशी पळत होती की पुंडलिकरावांना गाणं म्हणावंसं वाटलं आणि त्यांनी म्हटलंही; हेल्मेटात ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. कपाशी हिरवीगार होती, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. अमरावती मागे पडली. परतवाड्याला पुंडलिकराव थांबले नाहीत. चहाच्या टपऱ्यांकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही, आणि शोभाबाईंनी ते मनात नोंदवून ठेवलं.

घाट लागला. पहिली वळणं गाडीनं खेळत घेतली. मग तिचा श्वास जड व्हायला लागला. मूठ पिळली की जोर यायच्या ऐवजी खोकला येई. मागच्या नळीतून काळा धूर निघाला, एकदोन बार उडाले, आणि पडद्यावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. पुंडलिकरावांनी बाजूला घेतलं. उतरून तिच्या कुशीवर हात ठेवला, कान लावला, धुराचा वास घेतला. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येत होता.

"अजीर्ण आहे," ते म्हणाले.

निदान केलं, पण औषध ठाऊक नव्हतं. आणखी एक वळण कसंबसं चढल्यावर गाडी बंदच पडली, आणि मग उतारावर सोडण्याशिवाय इलाज उरला नाही. गंमत अशी, की खाली येता येता तिचा खोकला आपोआप गेला. परतवाड्याला ती धडधाकट झाली आणि अमरावतीपासून तर अशी सुटली, जणू माहेरी निघाली आहे. एखाद्या आजाऱ्यानं दवाखान्याच्या दारात येऊन उड्या माराव्या तसा तो प्रकार होता आणि पुंडलिकरावांना तो फार लागला.

पुलगावला शोभाबाईंनी हेल्मेटची काच वर केली. मग म्हणाल्या, "परतवाडा दुसऱ्यांदा पाह्यला."

मीराबाईंना बातमी घरी पोहोचायच्या आधीच कळली होती. कशी ते कोणालाच कळलं नाही. पण पुंडलिकरावांनी बाजू लढवली. अर्ध्यातून वापस आणलं ते माणसानं नाही, यंत्रानं. तेव्हा यंत्र दुरुस्त करून एकदा तरी जाऊ द्यावं. शोभाबाईंनी विचार केला आणि दसऱ्याच्या आत एक खेप मंजूर केली. एकच.

वर्ध्याच्या सिंदी मेघेत सूरज नावाचा मेकॅनिक आहे. तोंडानं फटकळ, हातानं चलाख, आणि संगणकवाल्या गाड्या उघडायची त्याला भारी हौस. त्यानं यंत्र जोडलं आणि वाचून सांगितलं की संगणकाची तक्रार आहे, पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते. पुंडलिकराव म्हणाले की हेच मी घाटात सांगितलं होतं, अजीर्ण. सूरजनं हवेची जाळी बदलली, प्लग बदलले, टाकीत कसलंसं औषध ओतलं. गाडी आधीही चांगली चालत होती, नंतरही चांगलीच चालली. बिघाड दिसायला उंची पाहिजे, आणि उंची आणायची कुठून? वर्ध्यात चढ शोधायचा म्हणजे ताटात डोंगर शोधण्यासारखं. त्यांनी गाडी उड्डाणपुलावर नेली. विद्यापीठाकडच्या टेकडीवर नेली. एक दिवस बोर धरणाच्या डोंगरापर्यंत जाऊन आले. गाडी हूं की चूं करेना.

"काका, वर्ध्यात तं हे गाडी फस्ट क्लास आहे," सूरज शेवटी म्हणाला. "तुमी वर्ध्यातच काऊन नाई चालवत?"

नागपूरच्या मोठ्या गॅरेजवाल्यांना फोन लावले, तर एकानं सांगितलं संगणकच बदला, दुसरा म्हणाला गाडीच बदला. पुंडलिकरावांनी दोघांचंही ऐकलं नाही. जनावर दवाखान्यात आणलं की नीट उभं राहतं आणि गोठ्यात गेलं की लंगडतं, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. अशा वेळी आपण गोठ्यात जायचं असतं. सूरजला घाटापर्यंत यायला सवड नव्हती, तेव्हा त्यानं एक काडेपेटीएवढी डबी दिली. ती गाडीला लावली की संगणक जे जे पाहतो ते सगळे आकडे मोबाइलवर दिसायचे. चालवणाऱ्यानं ते पाहणं म्हणजे झाडावर जाऊन आदळणं. म्हणून ते काम शोभाबाईंकडे आलं. गॅरेजमध्ये जुन्या टायरवर बसून त्यांनी कोणता आकडा कशाचा ते शिकून घेतलं, आणि सूरजनं दोनदा विचारलं तेव्हा दोन्हीदा बरोबर सांगितलं.

निघायच्या सकाळी मीराबाई फाटकाशी उभ्या होत्याच. "भाऊजी, परतवाड्यातून जरा रबडी आणजा," त्या म्हणाल्या. "नाई तरी तेथूनच तं फिरता तुमी." आणि शोभाबाईंच्या कानाशी लागून सांगितलं की खालचा बर्थ धरून ठेवला आहे.

या खेपेला मागच्या सीटवर वेगळीच बाई बसली होती. एका हातानं कडी धरलेली, दुसऱ्या हातात दोरीनं गळ्यात बांधलेला मोबाइल, आणि तोंडानं सगळ्या रस्ताभर समालोचन चालू. इंजिन आता इतकं तापलं. मूठ आता इतकी पिळली. कमी करा, समोर ट्रॅक्टर आहे. हे काय, आता एवढा वेग कशाला? पुंडलिकरावांनी नोकरीत अनेक साहेब पाहिले, पण त्यांच्या पाठीला टेकून कोणीच बसलं नव्हतं. गाडी खड्ड्यात आदळली की शोभाबाई सगळे आकडे एकदम वाचत. चांदूरच्या पुढे त्या आपल्याच वाचण्यावर हसायला लागल्या आणि हसता हसता एक आकडा चुकला, तो त्यांनी परत वाचून दुरुस्त केला.

परतवाडा गेला. घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. पुंडलिकराव कान देऊन चालवत होते. मग नेमका त्याच उंचीवर, त्याच झाडांच्या रांगेपाशी, गाडीनं पहिला खोकला दिला. मग दुसरा. काळा धूर. दिवा.

त्यांनी गाडी कठड्याला लावली. खाली परतवाडा दिसत होता, पत्र्यांवर ऊन चमकत होतं. पुंडलिकराव तिकडे पाहायचं टाळत होते. त्यांना एकदम आठवलं की दसरा चार दिवसांवर आहे, आणि मनाली हे ठिकाण आपल्याला एकट्याला कधीच पाहायचं नव्हतं. बर्फ काय, फ्रिजमध्येही असतो. तो पाहून शोभा काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं. 'चल वापस' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. पण ते शब्द त्यांनी इतक्या वेळा म्हटले होते की आता तोंडातून निघेनात.

शोभाबाई मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. "हे पाहा न," त्या म्हणाल्या. "बाकीचे सगळे नाचून राह्यले. हा एकच दगडासारखा बसला आहे."

त्यांनी सूरजला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"काकू, हवेचा दाब किती दाखवते?" सूरजनं विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"खाली परतवाड्यात किती होता?"

"अठ्ठ्याण्णव."

"अन् पवनारले?"

"अठ्ठ्याण्णवच. हलला नाई रे बाप्पा हा सकाळपासून."

पलीकडे हातोडा थांबला. मग सूरज हसायला लागला, आणि इतका हसला की त्यानं फोन कोणाकडे तरी दिला आणि परत घेतला. "काकू, तुमी घाटात पोहोचल्या," तो म्हणाला, "पन गाडी अजून वर्ध्यातच उभी आहे."

मग त्यानं उलगडून सांगितलं. उंचावर हवा विरळ होते, तिथं पेट्रोल कमी द्यावं लागतं. हवा दाट की विरळ ते हुंगायला गाडीला एक नाक असतं. ते नाक बंद झालं आहे, आणि आत वर्ध्याची हवा अडकून बसली आहे. गाडी बिचारी तीच हुंगते, आपण वर्ध्यात आहोत असं समजते आणि वर्ध्याचा खुराक देत राहते. डोंगरावर तो पचत नाही.

"म्हणजे अजीर्णच," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला, की अजून आपण अर्ध्या घाटात आहोत हे ते विसरलेच.

शोभाबाई विसरल्या नव्हत्या. नाक कुठं असतं ते विचारा, असं त्यांनी खुणेनं सांगितलं. सूरजनं फोनवरून वाट दाखवली. टाकीच्या पुढच्या भागाखाली, डाव्या अंगाला, जिथं बैलाचा खांदा येईल अशा जागी, एक बोटभर रबरी नळी खाली तोंड करून लोंबते. तिच्या तोंडाशी काय आहे ते पाहा. फुंकू मात्र नका, आतलं यंत्र नाजूक आहे.

पुंडलिकरावांनी वाकून पाहिलं. नळीच्या तोंडात पिवळं, घट्ट, धुळीनं माखलेलं बूच बसलेलं होतं. त्यांनी नखानं थोडं खरवडलं आणि नखाकडे पाहत राहिले. शोभाबाईंनी त्यांचा हात ओढून नाकाशी नेला.

"हे तं तूप आहे," त्या म्हणाल्या. मग पुन्हा वास घेतला. "हे तं आपल्या घरचं तूप आहे."

झालं होतं ते असं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोलवटलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्याचं आवतण द्यायचं. पुंडलिकरावांनी बालपणापासून एकही वर्ष हे चुकवलं नव्हतं. यंदा गोठ्यात बैल नव्हते. संध्याकाळी अंगणात गाडी तेवढी उभी होती, आणि तीही एका अर्थी ओढणारच होती. शोभाबाई मीराबाईकडे गेलेल्या पाहून त्यांनी तुपाची वाटी घेतली, हळद कालवली, पळसाचं पान आणलं आणि गाडीचे दोन्ही खांदे मनसोक्त चोळले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं तिच्या काचेपाशी हळूच म्हटलं. त्याच वेळी ती नळी हाताला लागली. कोरडी वाटली, भेगाळल्यासारखी. वासराची नाकपुडी कोरडी वाटली तर माणूस काय करतो? त्यांनी करंगळीनं तिथंही तूप सारलं. पुढे इंजिनाच्या उष्णतेनं बरंचसं तूप गेलं, हळद राहिली, हळदीत वाटेतली धूळ बसली आणि बूच पक्कं झालं. वाटीसाठी मात्र शोभाबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं होतं आणि गल्लीतल्या मांजरीला काठी घेऊन पिटाळलं होतं.

हे सगळं पुंडलिकरावांनी कठड्याशी उभं राहून, गाडीकडे तोंड करून, तुटक तुटक सांगितलं. सांगून झाल्यावर ते वाट पाहत राहिले. वळून पाहिलं तर शोभाबाई कठड्यावर बसल्या होत्या, हेल्मेट मांडीवर, पदर तोंडात कोंबलेला, आणि सगळं अंग हलत होतं. आधी त्यांना वाटलं रडते आहे. मग पदर सुटला आणि हसू घाटात असं फुटलं की वरच्या झाडातली माकडं सरकून बसली.

"आवतन देल्लं," त्या कशाबशा म्हणाल्या. "फटफटीले आवतन देल्लं. मंग जेवाले काऊन नाई वाढलं?"

"वाढलं होतं," पुंडलिकराव खाली पाहत म्हणाले. "टाकी फुल केलती."

यावर शोभाबाई हसण्यात दुसऱ्यांदा गेल्या त्या बराच वेळ परत आल्या नाहीत. शेवटी पुंडलिकरावांनाही धरवेना. दोघं एकमेकांकडे पाहत आणि पुन्हा सुरू होत. फोन चालूच होता आणि त्यातून सूरज काय झालं, काय झालं म्हणून ओरडत होता.

इलाज सोपा होता आणि तो पुंडलिकरावांच्या पिशवीतच होता. पिशवी सुटली नव्हती. निवृत्ती झाली तरी ती गाडीच्या पेटीत असेच. म्हशीचा सड बंद झाला की घालायची बारीक नळी त्यांनी काढली. कापसाला टाकीतलं पेट्रोल लावलं. गुडघ्यावर बसून एका हातानं गाडीला थोपटत, दुसऱ्या हातानं ते बूच कणाकणानं मोकळं करू लागले. तोंडानं सवयीचं हुं हुं चालूच होतं. तेवढ्यात वरून एक गवळी मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधून उतरला. हे दृश्य पाहून तो थांबला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं.

"सड बंद झालता," शोभाबाईंनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. "मोकळा करून राह्यले."

गवळ्यानं गाडीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, पुंडलिकरावांच्या सफाईदार हाताकडे पाहिलं. मग त्यानं मान डोलावली, जपून काढा म्हणाला आणि निघून गेला. वळणावर त्यानं दोनदा मागे पाहिलं.

बूच निघालं. पुंडलिकरावांनी किल्ली फिरवली, पण गाडी सुरू केली नाही. दोघंही मोबाइलवर वाकले. आकडा क्षणभर अठ्ठ्याण्णववरच राहिला. मग थरथरला आणि एक्क्याण्णववर येऊन टेकला.

"आली," शोभाबाई हळूच म्हणाल्या. "आली गाडी घाटात."

गाडी सुरू झाली ती गळा साफ करून. धूर नाही, बार नाही. दिवा तेवढा पिवळा राहिला, आणि पुंडलिकरावांनी पुन्हा तिच्या कुशीला कान लावला. पण सूरजनं फोनवर सांगितलं की संगणक राग लगेच सोडत नसतो. बरं वागलात तर चार-पाचदा सुरू-बंद केल्यावर आपोआप विझेल. शोभाबाईंना हे फार पटलं. तो संगणक त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आपल्यातला वाटला.

मग काय विचारता. गाडी वळणं पिऊन टाकत होती. मोथा गावाच्या पुढे ढग रस्त्यावरच उतरले, चष्म्यावर पाणी जमलं, हात गार पडले. मागून आकडे येत होते, नव्वद झाले, एकोणनव्वद झाले, आणि दर आकड्याला शोभाबाई पाठीवर थाप देत होत्या. पुंडलिकराव पुन्हा गायला लागले. या वेळी मागच्या सीटवरूनही सूर आला, शब्द वेगळे होते आणि चालही वेगळी होती, पण दोघांनाही अडचण झाली नाही.

दरीच्या टोकाशी ते पोहोचले तेव्हा दरी नव्हती. समोर नुसतं धुकं, पिंजलेल्या कापसासारखं, लोखंडी कठड्यापर्यंत भरून आलेलं. खाली काय आहे, किती आहे, काही दिसेना. पुंडलिकरावांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. वर म्हणजे वर, दरी लागेपर्यंत, असं ठरलं होतं. आणि आता दरीच दिसत नव्हती. ही बाई याला अर्धं म्हणाली तर? शोभाबाई कठड्याला धरून त्या पांढऱ्यात पाहत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी एक खडा उचलला आणि टाकला. दोघांनी कान दिला. खडा पडल्याचा आवाज आलाच नाही.

"गंज खोल आहे," त्या समाधानानं म्हणाल्या. "झालं. पूर्ण आलो."

तिथंच उभ्या उभ्या त्यांनी मीराबाईला फोन लावला. काय बोलणं झालं ते पुंडलिकरावांना अर्धंच ऐकू आलं, पण खालचा बर्थ कोणाला तरी देऊन टाक एवढं स्पष्ट ऐकू आलं आणि त्यांनी धुक्याकडे तोंड फिरवून हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसून घेतलं. मग टपरीवर रबडी खाल्ली. शोभाबाईंनी दोनदा घेतली आणि मीराबाईसाठी बांधून घेऊ का, असं पुंडलिकरावांनी विचारलं तेव्हा नको म्हणाल्या. तिला परतवाड्याची आवडते.

निघताना पुंडलिकरावांनी सवयीनं गाडीचं तोंड आल्या रस्त्याकडे वळवलं. शोभाबाई बसल्या नाहीत. दुसरीकडे उतरणारा रस्ता कुठं जातो, असं त्यांनी विचारलं.

सेमाडोहला, ते म्हणाले. पुढे हरिसाल, मग धारणी, सगळं जंगल. पण सोबत कपडे नाहीत, घरी कोणाला सांगितलं नाही, अंगणात कपडे वाळत आहेत. आणि आजारातून उठलेल्या जनावराला पहिल्याच दिवशी एवढं ओढायला लावू नये, हे ते नोकरीभर सांगत आले होते.

शोभाबाईंनी हेल्मेटमध्ये वेणी नीट कोंबली. "जनावर तुमचं ठणठणीत आहे. साडी धारणीले भेटते, अन् तुमाले लुंगी," त्या म्हणाल्या. "आल्या रस्त्यानं मी आजपर्यंत गंज येळा वापस गेली. आता दुसऱ्या अंगानं उतरू."

पुंडलिकरावांनी दोन्ही रस्त्यांकडे पाहिलं. मग पाय टेकत टेकत, थोडी मागे, थोडी पुढे करत, त्या भल्यामोठ्या गाडीचं तोंड सेमाडोहकडे केलं. शोभाबाई मागे बसल्या. रस्ता झाडांत शिरला, धुकं मागे राहिलं, आणि सागाची ओली पानं दोन्ही बाजूंनी चमकायला लागली.

"किती दाखवते आता?" त्यांनी मान जराशी वळवून विचारलं.

"मले काय माहीत," शोभाबाई म्हणाल्या. "मी झाडं पाहून राह्यली."